खाज्यांच्या दुकानाचा जुना फोटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डिचोली) : घरच्या पेटीत जत्रेतल्या खाज्यांच्या दुकानाचा कृष्णधवल फोटो सापडला. मागे काहीच लिहिलेले नाही. साल कसे काढायचे?

उत्तर : कपड्यांवरून सुरुवात करू नका. जत्रेला लोक ठेवणीतले कपडे घालतात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांची चूक सहज होते. खाज्यांचा ढीगही काही सांगत नाही. बेसनाच्या कांड्या, वर गूळ-आल्याचा पाक, रचलेला डोंगर, आजही तेच. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि दुकानातली अक्षरे शोधा.

सगळ्यात आधी दराची पाटी. पोर्तुगीज गोव्यात 1 जानेवारी 1959 पासून रुपिया-तांगा या जुन्या चलनाच्या जागी एश्कुद हे चलन आले, एका रुपियाला सहा. पाटीवर एश्कुद दिसले तर फोटो त्यानंतरचा. भारतीय चलनातले 'नये पैसे' दिसले तर गोवा मुक्तीनंतरचा, म्हणजे डिसेंबर 1961 नंतरचा. 'नये' हा शब्द 1 जून 1964 पासून वगळला गेला, पण पाटी लगेच कोण रंगवतो? नवी गोष्ट दिसली तर 'त्यानंतरचा' हे भक्कम. जुनी दिसली म्हणून 'त्याआधीचा' असे होत नाही. म्हणूनच पेट्रोमॅक्सची बत्ती पुरावा म्हणून जवळपास निरुपयोगी आहे. वीज आल्यावरही जत्रांत ती बरीच वर्षे जळत होती.

मग पुडे बांधायची रद्दी पाहा. 'गोमंतक' या मराठी दैनिकाचे नाव वाचता आले तर फोटो 24 मार्च 1962 नंतरचा. पोर्तुगीज दैनिक 'ओ एराल्दो' दिसला की लोक फोटो थेट पोर्तुगीज अमदानीत टाकतात, आणि इथेच फसतात. तो 1983 पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघत होता. मागे मोटार उभी असेल आणि नंबर 'जीडी'ने सुरू होत असेल, तर तो मुक्तीनंतरच्या काळातला. 'जीए' 1989 पासूनचा.

अक्षरे उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे. पाटी नसेल तर पुरुषांच्या शर्टाची पट्टी बघा: घालणाऱ्याची डावी बाजू वर हवी.

शेवटी कागद. पाठ कागदासारखी खरखरीत, फोटो वळलेला, कडा नक्षीदार कापलेल्या असतील तर जुनी प्रत. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर ते 1970 च्या आसपास रुळलेले कागद; प्रसंग जुना असला तरी ही प्रत नंतर काढलेली.

प्रश्न (फोंडा) : फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) फेरीतल्या, म्हणजे जत्रेतल्या, चण्या-लाडवांच्या दुकानाचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. पाण्यात भिजवून सोडवू का?

उत्तर : नको. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळी ओलीने तो फुगतो, काचेला टेकतो आणि सुकल्यावर गोंदासारखा धरतो. बुरशी लागली असेल तर तिने जिलेटिन आधीच पोखरलेले असते. पाणी लागताच ते विरघळते आणि चेहरे काचेवर राहतात. हाताने रंगवलेल्या फोटोचा रंगही सुटतो.

फ्रेमची पाठ उघडून काच आणि फोटो एकत्रच बाहेर काढा. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसून काचेसकट स्कॅन करा. त्यासाठी जाड, सीसीडी जातीचा स्कॅनर लागतो. यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या पातळ स्कॅनरचा फोकस काचपट्टीलाच चिकटून असतो, मधल्या काचेमुळे चित्र धुरकट येते. स्कॅनर नसेल तर कॅमेरा वरून सरळ धरा, दोन्ही बाजूंना 45 अंशांवर दिवे लावा आणि कॅमेऱ्यामागे काळे कापड टांगा, म्हणजे प्रतिबिंब पडत नाही. काढलेले चित्र हाती आल्यावर मूळ फोटो सोडवायचा की नाही ते जाणकारावर सोपवा.

प्रश्न (म्हापसा) : बॉक्स कॅमेऱ्याच्या 6 बाय 9 सेंटिमीटरच्या छोट्या प्रती आहेत. देवळाच्या मंडपात मोठ्या करून लावायच्या आहेत. स्कॅन किती डीपीआयने (इंचाला किती ठिपके) करू?

उत्तर : 1200. त्यात सुमारे 2835 बाय 4250 पिक्सेल मिळतात आणि 300 डीपीआयने छापल्यास 24 बाय 36 सेंटिमीटर, म्हणजे लांबी-रुंदी चौपट. त्याहून मोठे केले तर कागदाचा पोतच वाढतो, तपशील नाही. फाइल टिफ प्रकारात ठेवा, जेपीईजी फक्त पाठवण्यापुरती. स्कॅनरचे शार्पनिंग बंद. निगेटिव्ह हाती असेल तर तीच स्कॅन करा, पण धूळ काढायचे बटण दाबू नका. ते अवरक्त किरणांवर चालते आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, म्हणून यंत्र चित्रालाच धूळ समजते. आपोआप रंग भरणारे ॲपही टाळा. दुकानातली लाल मिठाई ते हिरवी करते आणि पाहणारे तेच खरे मानतात.

प्रश्न (पेडणे) : पावसाळ्यात फोटो कशात ठेवावेत?

उत्तर : बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नकोच. प्रत्येक फोटो वेगळ्या कागदी पाकिटात. आपल्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पाकिटाला थर चिकटतो. पाकिटे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत चपलेच्या खोक्याएवढ्या डब्यास साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल. निळ्यापेक्षा नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या घालू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो आधी सोडवा: दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोमागून करवतीसारखा हळू ओढायचा. नावे-गावे पाठीवर पेनने नको, मऊ पेन्सिलीने, आणि गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर, फोटो आत घालण्यापूर्वी.