वर्ख धरत का नाही?

प्रश्न : मध्ययुगीन इंग्रजी साल्टरमध्ये (बायबलमधल्या स्तोत्रांच्या हस्तलिखित पोथीत) असतं तसं उठावदार सोनेरी अक्षर कागदावर करून पाहतोय. वर्ख चिकटत नाही, चिकटला तर खालचा थर तडकतो. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुधा कोरडी हवा. स्तोत्रांच्या त्या पोथ्यांत वर्खाखाली गेसोचा, म्हणजे प्लास्टर-सरसाच्या लेपाचा, फुगीर थर असतो. आज सुलेखनकार वापरतात ते प्रमाण : भरपूर पाण्यात महिनाभर ढवळत मुरवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस ८ भाग, शिशाचा सफेदा ३, साखर १, माशाचा सरस १, रंगापुरती चिमूटभर तांबडी माती. साखर हवेतला ओलावा ओढते, त्यानेच थर चिकट होतो. सोलापुरात एप्रिलमध्ये ओढायला ओलावा असतो कुठे? पावसाळ्यात किंवा भल्या पहाटे बसा, पंखा बंद. कागदी नळीतून थरावर दोन-तीन दीर्घ, गरम श्वास सोडा. फुंकर नको, तिने थर उलट सुकतो. लगेच वर्ख ठेवून गुळगुळीत कागदावरून दाबा, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटा.

तडे जातात ते सरस जास्त झाल्याने किंवा कागद वाकल्याने. कागद पुठ्ठ्यावर ताणून घ्या. शिशाचा सफेदा विषारी आहे, त्याऐवजी टायटॅनियमचा घ्या. आणि रंग सोन्यानंतरच, नाहीतर वर्ख रंगावरही बसतो.