नुसती प्यायची की कॉकटेलमध्ये? किंमत बघून ठरवू नका

तुम्ही लातूरहून विचारलंय, घरात एक ४६ टक्के अल्कोहोलची भारतीय सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) आहे आणि एक बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), तर महागडी नुसती प्यावी आणि स्वस्त कॉकटेलला ठेवावी का? माझ्या मते किंमत बाजूला ठेवा आणि दोन्ही एकदा शांतपणे चाखा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या खोलीतली व्हिस्की ओतली की नाकाला आधी अल्कोहोलच झोंबतं, वास कळतच नाही. म्हणून बाटली थोडा वेळ फ्रिजच्या दारात ठेवा. थंडगार करायची नाही, नुसता तापटपणा जाऊ द्यायचा. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन चव बिघडवतात. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तिखट चकणा हे सगळं चाखून झाल्यावर.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ३० मिली ओता आणि आपलं तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पहिला घोट जिभेला सवय होण्यापुरता. चव दुसऱ्या घोटाला बघायची. मग चमच्याने चार थेंब पाणी घाला आणि पुन्हा हुंगा. ही पायरी अजिबात टाळू नका. पाण्याने अल्कोहोल सौम्य होतं आणि काही सुगंधी घटक वर येतात. धुरकट वासाच्या ग्वायाकॉल या घटकाबद्दल स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली हेच दाखवलं. पाण्यानंतर फळ, मध, मसाला असं काही नवं उलगडलं आणि गिळल्यावरही चव रेंगाळली, तर ती सावकाश घोट घेत प्यायची व्हिस्की. पाण्याने ती नुसतीच फिकी पडली तर नाही.

कॉकटेलची परीक्षा वेगळी. उरलेल्या व्हिस्कीत अर्धा चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा साखरेचा पाक आणि बर्फाचा एक खडा. आता डोळे मिटून व्हिस्की ओळखू येते का? नाजूक, फुलांच्या वासाची मॉल्ट इथे हरवते, मग ती कितीही महाग असो. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. त्यातून आलेला व्हॅनिला-कॅरामेल लिंबापुढे टिकतो. तुमची बर्बन ‘व्हिस्की सावर’ला, म्हणजे लिंबू-साखरेच्या कॉकटेलला, चालेल असा माझा अंदाज आहे, पण चाखूनच ठरवा.

भारतीय मॉल्टबद्दल एक सांगतो. स्कॉटलंडमध्ये मुरताना पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, आपल्या उष्णतेत १० टक्क्यांच्या आसपास. लाकडाची चवही व्हिस्कीत तितक्याच लवकर उतरते. त्यामुळे वय, म्हणजे पिंपात मुरल्याची वर्षं, कमी असूनही काही भारतीय मॉल्ट चांगल्या दमदार असतात आणि ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीत साखर आणि कडवट बिटर्सचे थेंब घालून केलेलं कॉकटेल) छान पेलतात. वयाच्या आकड्यावर जाऊ नका.

आणि जालन्याची मोसंबी घरात असेल तर सावरमध्ये लिंबाऐवजी तिचा रस घालू नका, आंबटपणा फार कमी पडतो. साल मात्र सोडा घातलेल्या ग्लासावर पिळून बघा, बर्बनबरोबर फार सुंदर लागते.