थायलंडचा ९० दिवसांचा रिपोर्ट ऑनलाइन नामंजूर झाला, आता काय?

ताई, आधी घाबरणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या नोकरीमुळे १० जानेवारीला मुलासह बँकॉकला आलात, तिघांचा ९० दिवसांचा रिपोर्ट ऑनलाइन भरला आणि तिन्ही अर्ज नामंजूर झाले. वर्षभराचा व्हिसा हातात असताना हे लचांड कशासाठी, असंही विचारलंय. हा रिपोर्ट म्हणजे फक्त ‘मी अजून इथेच राहतो’ असं इमिग्रेशनला कळवणं. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३७ ते सांगतं. त्याने व्हिसा वाढत नाही आणि अर्ज परत आला म्हणून तो रद्दही होत नाही. दंड मात्र होतो. मुदत उलटल्यावर आपण होऊन गेलो तर माणशी २,००० बात (थाई चलन).

तुमचा अर्ज परत येण्याचं पहिलं कारण उघड आहे. पहिला रिपोर्ट कार्यालयात जाऊनच द्यायचा असतो, स्वतः किंवा तुमच्या वतीने कुणीतरी. ऑनलाइनची सोय त्यानंतरची. पासपोर्ट नवा केलात तरी एकदा पुन्हा जावं लागतं.

आता दिवस मोजू. आलात तो दिवस पहिला धरायचा. १० जानेवारीपासून मोजलं तर नव्वदावा दिवस ९ एप्रिल येतो. त्याच्या १५ दिवस आधीपासून, म्हणजे २५ मार्चपासून, कार्यालयात रिपोर्ट घेतात आणि मुदतीनंतर ७ दिवस चालतो. पण त्या सात दिवसांवर विसंबू नका, कारण १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं आणि सरकारी कार्यालयं बंद असतात. शिवाय ही सवलत प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी आहे. पुढे ऑनलाइन भराल तेव्हा अर्ज घेणं सुरू झालं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरून टाका. नामंजूर झालाच तर चेंगवत्तनाच्या इमिग्रेशन कार्यालयात जायला वेळ उरतो.

जाण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: आमचा टीएम ३० (परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद करणारा फॉर्म) भरलाय का? परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत कळवणं ही घरमालकाची किंवा व्यवस्थापकाची जबाबदारी आहे, तुमची नाही. पण ते राहिलं असेल तर खेटे तुम्हालाच पडतात. माझंच सांगतो. तिसऱ्या वर्षी घर बदललं, नव्या इमारतीच्या व्यवस्थापकाने ‘हो, झालं’ म्हटलं आणि मी पावती न बघता विश्वास ठेवला. मी भरलेला पत्ता आणि त्यांच्याकडे नोंदलेला पत्ता जुळेना, अर्ज दोनदा परत आला आणि शेवटी ऑफिसला रजा टाकून रांगेत उभा राहिलो. तेव्हापासून टीएम ३० च्या पावतीचा फोटो मोबाइलमध्ये असल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही. तुम्हीही मागून घ्या, मागायला संकोच करू नका.

पत्ता भरताना आपली सवय आड येते. आपण फ्लॅट नंबर, टॉवर, सोसायटी असं लिहितो. इथे आधी घर क्रमांक येतो, बहुतेक वेळा मध्ये तिरकी रेघ असलेला, ८८/१२७ असा. मग रस्ता, मग ख्वेंग (उपविभाग), मग खेत (त्यावरचा मोठा विभाग). तुम्ही सुखुमवितला राहता म्हणून मुद्दाम सांगतो, कारण इथे खूप जण फसतात. शहराच्या मध्याकडच्या भागात विषम क्रमांकाच्या सोया (गल्ल्या) वत्थना खेतात येतात, सम क्रमांकाच्या ख्लोंग तोई खेतात. त्यातून ‘ख्लोंग तोई नुआ’ नावाचा ख्वेंग आहे तो ख्लोंग तोईत नाही, वत्थनात आहे. नावावरून अंदाज बांधू नका. भाडेकरारावर जसं छापलंय, तसंच्या तसं भरा.

नावाचंही तसंच. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत जसं आहे तसंच ठेवा, मनाने तोडू नका. मुलाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, लहान आहे म्हणून सूट नाही.

कुठेही पैसे मागितले तर ते संकेतस्थळ सोडून द्या. रिपोर्टला शुल्क नाही. मंजूर झाल्यावर येणारी पावती छापून पासपोर्टमध्ये ठेवा, पुढची तारीख तिच्यावरच असते.

मे महिन्यात भारतात जाणार म्हणालात. परत आल्याच्या दिवसापासून ९० दिवस नव्याने मोजायचे, त्यामुळे पावतीवरची तारीख तेव्हा बाद होते. पण निघण्याआधी तिघांच्याही पासपोर्टवर री-एंट्री परमिट (बाहेर जाऊन त्याच व्हिसावर परत येण्याची परवानगी) आहे ना, हे आजच बघा. नसेल तर एका फेरीसाठी १,००० बात, अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बात भरून काढून घ्या. रिपोर्ट चुकला तर दंडावर निभावतं. परमिट न काढता देशाबाहेर गेलात तर वर्षभराची परवानगीच संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.