फॅटी लिव्हरवर चिनी काढे खरंच चालतात का?

सोनोग्राफीत ग्रेड 2, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 80च्या वर आणि मेहुण्यांनी ऑनलाइन मागवलेली चिनी पुडी; घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने जाऊन आलोय.

सिंगापुरात नोकरीला होतो तेव्हा माझाही रिपोर्ट असाच आला होता. तिथे चिनी वैद्यांना रीतसर नोंदणी लागते, म्हणून धीर करून गेलो. तिथल्या वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, तिच्यावरचा पांढरा थर बघून म्हणाल्या, कफ आणि ओल साठलीय. म्हटलं, आलो की काय आपल्याच गावच्या वैद्यबुवांकडे! घरी पुडी उघडली तर लाल फळांच्या सुकलेल्या चकत्या, कसलीशी मुळं आणि बारीक शंकरपाळ्यांसारखे तपकिरी, चकचकीत दाणे. ते मात्र ओळखले. टाकळ्याचं बी! पावसाळ्यात आई ज्याची भाजी करते तोच हा टाकळा.

तीन महिन्यांत एसजीपीटी 84वरून 43वर आलं. पण बाईंनी पहिल्याच दिवशी रात्रीचा भात आणि बबल टी बंद करून रोज तासभर चालायला लावलं होतं. 88 किलोंतले साडेसहा उतरले. वजन 7 ते 10 टक्के घटलं की लिव्हरमधली चरबीच नव्हे, सूजही ओसरते. त्यामुळे काढ्याला मी फार तर काठावर पास करीन.

संशोधनाचंही तसंच. कॉक्रन ही संस्था जगभरच्या औषधचाचण्या एकत्र करून पडताळते. तिच्या 2013च्या आढाव्यात वनौषधींच्या 77 चाचण्या तपासल्या होत्या. बहुतेक इतक्या ढिसाळ की ठाम काही म्हणताच आलं नाही. त्यातल्या त्यात बर्बेरिन बरं दिसतं. हुआंगलियन या मुळीतला हा कडूजहर पिवळा घटक आपल्या दारुहळदीतही असतो. चीनमधल्या 2015च्या एका चाचणीत 16 आठवडे आहार-व्यायामाबरोबर ते दिलं, तर नुसत्या आहार-व्यायामापेक्षा चरबी जास्त घटली.

आता तुमची पुडी. तिच्यात ‘हे शौ वू’ नावाचं चिनी मूळ असेल तर हातही लावू नका. केस काळे करायला आणि कोलेस्टेरॉल उतरवायला खपणारं हे मूळ स्वतःच लिव्हरला सूज आणतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2006मध्येच तसा इशारा दिला होता. (चिन्यांना नावं ठेवायला नकोत. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनीही नोंदवलेत.) रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर डानशेन हे चिनी मूळ नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि घटकच छापलेले नसतील तर पुडी सरळ कचऱ्यात.

त्या पैशात फायब्रोस्कॅन करून घ्या, लिव्हर किती कडक झालंय ते कळेल. दारूचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. घेत असाल तर वरचं सगळं राहू द्या, आधी ती सोडा.