वडील बेने इस्रायली, आई ख्रिस्ती: बाप्तिस्म्याचा दाखला फाडू नका

प्रश्न: माझे वडील पेणच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातले, आई नगरची मराठी ख्रिस्ती. लग्न चर्चमध्ये झालं. मी तीन महिन्यांचा असताना माझा बाप्तिस्मा झाला आणि आजही मी दर रविवारी चर्चला जातो. वडील आता नाहीत. चुलते इस्रायलमधल्या दिमोनात असतात. बायको आणि दोन मुलांना घेऊन कायमचं तिकडे जावं असं मनात आहे. एक ओळखीचे म्हणाले, ‘दाखला फाडून टाक, अर्जात चर्चचं नावही काढू नकोस.’ माझ्या आतेबहिणीलाही यायचंय. ती आई-वडील दोन्हीकडून बेने इस्रायली, पण सहा वर्षांपूर्वी तिने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आम्ही काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी तो दाखला नीट जपून ठेवा. खोटी माहिती देऊन मिळवलेलं नागरिकत्व इस्रायल काढून घेऊ शकतं, आणि तुमच्या बाबतीत खोटं बोलायची गरजच नाही.

इस्रायलच्या १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’त १९७० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर करून ज्यू झालेला आणि दुसऱ्या कुठल्या धर्माचा नसलेला माणूस. तुमची आई ख्रिस्ती, म्हणून या व्याख्येत तुम्ही बसत नाही. पण त्याच दुरुस्तीने ज्यू माणसाची मुलं, नातवंडं आणि या सगळ्यांचे जोडीदार यांनाही येण्याचा हक्क दिला. ज्याच्या नात्याने हक्क सांगायचा तो माणूस हयात नसला, कधी इस्रायलला गेला नसला, तरी चालतं. हा हक्क फक्त एकाला नाही: जो आधी ज्यू होता आणि ज्याने आपल्या इच्छेने धर्म बदलला, त्याला. तुम्ही कायद्याच्या नजरेत कधी ज्यू नव्हताच, मग धर्म बदलला असं कसं म्हणणार? वडिलांकडून ज्यू वंश असलेल्या, येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्या अर्जदारांना केवळ त्या श्रद्धेमुळे अडवता येणार नाही, हे २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात मान्य झालं आहे.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो. लग्नाच्या वेळी वडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता का? चर्चमध्ये लग्न झालं म्हणजे घेतलाच असेल असं नाही. आपल्या १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी पुरतं. आईला विचारा, चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही बघा. घेतला नसेल तर तुम्ही ज्यू माणसाचा मुलगा आणि तुमची मुलं ज्यू माणसाची नातवंडं. त्यांचा हक्क त्यांचा स्वतःचा. घेतला असेल तर वडिलांच्या नावावर भिस्त ठेवू नका, आजी-आजोबांच्या नावाने अर्ज करा. तुमचा आणि पत्नीचा हक्क तरीही शाबूत राहतो, पण मुलं पणतवंडं ठरतात आणि पणतवंडांना या कायद्यात स्वतंत्र हक्क नाही. त्यांचं काय, हे विमानाची तिकिटं काढायच्या आधी इस्रायली वकिलाकडून लेखी घ्या.

तुम्ही पेणच्या घराच्या चौकटीचा फोटो पाठवलाय. तिरपी मेझुझा (ज्यूंच्या दारावरची धर्मवचनांची डबी), तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थर. आजी जाता-येता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची, हे वाचून मीही थोडा वेळ थांबलो. पण अधिकाऱ्यापुढे कागद लागतो: आजोबा-आजींचा केतुबा म्हणजे ज्यू विवाहकरार, सिनेगॉगचं पत्र, ज्यू कब्रस्तानातली नोंद, वडिलांचा जन्मदाखला. या कामाला आजच लागा.

आतेबहिणीचं उत्तर मात्र कडू आहे. ती जन्माने ज्यू आणि बाप्तिस्मा स्वखुशीचा, म्हणजे वरचा अपवाद नेमका तिलाच लागतो. ‘येशूही ज्यूच होता, मी ज्यू राहूनच त्याला मानते,’ असं ती म्हणते. तिच्या मनाशी ते खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हाच युक्तिवाद १९८९ मध्ये येशूला मानणाऱ्या बेरेसफोर्ड या ज्यू दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. त्याआधी १९६२ मध्ये ब्रदर डॅनियल यांचंही तेच झालं. ओसवाल्ड रुफायझेन हे त्यांचं मूळ नाव, पोलंडमधले ज्यू. नाझींच्या काळात मीर गावच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, कितीतरी ज्यूंना त्यांनी वाचवलं, नन्सच्या मठात लपून असताना कॅथलिक झाले, पुढे कार्मेलाइट पंथाचे संन्यासी. धर्मशास्त्राप्रमाणे ते ज्यूच राहतात, हे न्यायालयाने धरलं. पण लोकांच्या बोलण्यात ख्रिस्ती झालेल्याला कुणी ज्यू म्हणत नाही, आणि हा कायदा त्याच अर्थाने वाचायचा, असा बहुमताचा निकाल लागला. त्यांना नागरिकत्व पुढे मिळालं, पण नेहमीच्या परकीयासारखा अर्ज करून. बहिणीलाही हक्काने जाता येणार नाही. व्हिसा आणि साध्या नागरिकत्वाचा लांबचा रस्ता तेवढा उरतो. कागदावर पुन्हा ज्यू होऊन मनात येशू ठेवावा, हा सल्ला तिला कुणी दिला तर तो तिने घेऊ नये. जी श्रद्धा तिने एवढ्या विचाराने घेतली, ती दर मुलाखतीत नाकारत जगणं तिला झेपणार नाही.

जी घरात ज्यू म्हणून वाढली ती अडते आणि चर्चला जाणारे तुम्ही जाता, हे मला न्याय्य वाटत नाही. पण कायदा आज असा आहे.

तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. तिथल्या लोकसंख्या नोंदीत तुम्ही ज्यू म्हणून लागणार नाही. इस्रायलमध्ये लग्नं धार्मिक व्यवस्थेतूनच होतात, नागरी विवाह नाही. उद्या तुमच्या मुलांना ज्यू जोडीदाराशी लग्न करायचं झालं तर परदेशात करून तिथे नोंदवावं लागेल. बेने इस्रायलींनाही तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत अडवलंच होतं. ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, सांगावं लागलं. हे चुलत्यांना विचारा, त्यांच्या पिढीला आठवत असेल.

दुसरं म्हणजे, इस्रायली नागरिकत्व घेतलं की आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट परत करावा लागेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येईल. पेणच्या घरातला तुमचा वाटा धर्मामुळे किंवा देश सोडल्यामुळे जात नाही. ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाच लागतो, आणि तो वारसाचा धर्म विचारत नाही. निघण्याआधी सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर वारसनोंद तेवढी करून घ्या.