साचा कोणाच्या मालकीचा?

(हा प्रश्न आणि उत्तर २०२५ मधलं आहे; त्यातले शुल्काचे दर आणि बोलणी तेव्हाची, आजची नव्हेत.)

प्रश्न : माझा मुलगा वेर्णा औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर आहे. त्यांचा निम्मा माल अमेरिकेला जातो. गणेश चवथीनंतर ओव्हरटाइम बंद झाला, आता तिसरी पाळीही बंद करायचं बोलतात. मालक म्हणतात, अमेरिका आमच्याकडून ५० टक्के आयातशुल्क घेते. हे खरं का? दोन्ही सरकारांची बोलणी चालू आहेत, तर दोन-तीन महिन्यांत सगळं पूर्ववत होईल ना? मुलाचं लग्न ठरवायचं आहे, म्हणून विचारतो.
— एक वडील, कुर्टी, फोंडा

उत्तर : नमस्कार. तुम्ही चवथीचा उल्लेख केलात आणि मला तो दिवस आठवला. २७ ऑगस्ट २०२५, सकाळचे साडेनऊ. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळा-फुलांचं छत, बांधून झाली होती, भटजींची वाट बघत होतो. त्याच वेळी अमेरिकेत मध्यरात्र उलटली आणि भारतीय मालावरच्या आधीच्या २५ टक्के शुल्कावर आणखी २५ चढले. त्या वेळेआधी जहाजावर चढलेल्या मालाला १७ सप्टेंबरच्या आत सोडवून घेतलं तर सूट होती. निर्यातीची कागदपत्रं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्या आठवड्यात न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर अडकलेल्या ट्रकांमागे फोन करणाऱ्यांचा जीव कसा टांगणीला लागला असेल, ते मला सांगावं लागत नाही.

हे ५० टक्के तुमच्या मुलाचा मालक सहसा भरत नाही. माल सोडवून घेताना तिथला आयातदार भरतो. शुल्कासह दारात पोच करायचा, म्हणजे 'डीडीपी'चा सौदा असेल तरच ते थेट मालकाच्या माथी. तरीही मालक खोटं बोलत नाहीत. हिशेब बघा. १०० रुपयांचा भाग तिथे १५० ला पडतो. व्हिएतनामच्या मालावर २० टक्के आहे, म्हणजे तोच भाग तिथून १२० ला. (नेहमीचं जुनं शुल्क दोघांनाही आहेच, ते सोडून देऊ.) आयातदार म्हणतो, भाव कमी करा. १० रुपये उतरवले तरी १३५ होतात. व्हिएतनामशी बरोबरी करायची तर ८० ला विकायला हवं. प्लास्टिकचे दाणे, वीज, पगार भागवून शंभरामागे वीस रुपये सुटणारा मोल्डिंगवाला मी तरी पाहिलेला नाही.

मला खरी काळजी साच्याची वाटते. मोल्डिंगमध्ये मशीन मालकाचं असतं, पण साचा पुष्कळदा गिऱ्हाइकाने पैसे देऊन करून घेतलेला असतो. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताची जीएसपी ही शुल्कसवलत काढली, तेव्हा आमच्या कारखान्यातून असाच एक साचा गेला. क्रेनने मशीनवरून उतरवला, आत गंज न धरणारं तेल मारलं, लाकडी पेटीत बंद केला. त्यावर सहा वर्षं काम केलेला ऑपरेटर पेटीला हात लावून उभा होता. त्याची पावती मीच टाईप केली होती. साचा दुसऱ्या देशात बसला, नमुने पास झाले, की शुल्क उतरलं तरी तो परत आणायचा खर्च कोण करणार? ती सवलतही अजून परत मिळालेली नाही.

म्हणून दोन-तीन महिन्यांचा भरवसा मी देणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के लावले. २०१९ मध्ये आपण त्यांचे बदाम, अक्रोड, सफरचंद यांवर जादा शुल्क लावलं. ते आपण मागे घेतलं २०२३ मध्ये! यावेळी गुंता जास्त आहे. अमेरिकेला आपला दूध-दुभत्याचा आणि मका-सोयाबीनचा बाजार उघडून हवा आहे. तिथे आपलं सरकार नमतं घेत नाही आणि घेऊही नये, कोट्यवधी लहान शेतकऱ्यांचं पोट त्यावर आहे. शिवाय दुसरे २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून लावलेले, ते व्यापार खात्याच्या माणसांनी एकट्याने कसे सोडवायचे? बोलणी करणाऱ्यांना वर्षं लागतात, कारखान्याच्या हातात एका ऑर्डरपुरता वेळ असतो.

आपण गोंयकारांनी हे दुसऱ्या बाजूनेही पाहिलंय. मे २०२२ मध्ये दिल्लीनेच लोहखनिजावर ५० टक्के निर्यातशुल्क लावलं. आपल्या हलक्या प्रतीच्या खनिजावरचं ते नोव्हेंबरात काढलं. सहा महिनेच, पण ट्रकवाल्याचा हप्ता सहा महिने थांबतो का?

लग्न ठरवा. कर्ज काढून थाटाचं मात्र करू नका. मुलाला सांगा, नुसतं मशीन चालवण्यावर थांबू नकोस, साचा बदलणं आणि सेटिंग शिकून घे. ते काम अमेरिकेच्या मालालाही लागतं आणि पुण्या-बेळगावच्या मालालाही. आज तो पाळीवरून आला की एवढं विचारा : त्याच्या मशीनवरच्या साच्याच्या पाटीवर नाव कोणाचं आहे, मालकाचं की गिऱ्हाइकाचं? आणि नव्या साच्याची ट्रायल चालू आहे का? उत्तर मला कळवा, मग पुढचं बोलू.