वाचकांचे प्रश्न : सांकेतिक भाषा शिकताना

सांकेतिक भाषेविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील चूक मीही केलेली आहे.

प्रश्न : मोबाइलवरील एका ॲपवरून मी सहा महिने मेहनत घेऊन सांकेतिक भाषेची मुळाक्षरे पाठ केली. आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या कर्णबधिर सहकाऱ्यासमोर मी मोठ्या उत्साहाने बोटांनी वाक्य जुळवून दाखवले, तर तो हसला आणि त्याने कागद-पेन पुढे केले. माझे काय चुकले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली मेहनत खरी होती, पण भाषा बहुधा दुसऱ्याच देशाची होती. फुकट मिळणारी बरीच ॲप अमेरिकी सांकेतिक भाषा शिकवतात आणि तिची मुळाक्षरे एका हाताने दाखवली जातात. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरे सामान्यतः दोन्ही हातांनी दाखवतात आणि त्या पद्धतीचे नाते ब्रिटिश पद्धतीशी आहे. गंमत अशी की अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ऐकू येणारे लोक एकच इंग्रजी बोलतात, परंतु तेथील कर्णबधिरांना एकमेकांची भाषा कळत नाही, कारण अमेरिकी सांकेतिक भाषा फ्रेंच सांकेतिक भाषेच्या वळणाने वाढली. सांकेतिक भाषा ही त्या त्या देशातील बोलीची हातांनी केलेली नक्कल नसते. कर्णबधिर माणसे जेथे एकत्र आली, तेथे ती घडली.

याहून मोठी अडचण मुळाक्षरांचीच आहे. एकेक अक्षर बोटांवर जुळवणे ही सोय माणसांची व गावांची नावे, किंवा ज्यांना स्वतंत्र खूण नाही असे शब्द सांगण्यापुरती असते. ‘जेवायला येता का’ हे अक्षराक्षराने सांगणाऱ्याची अवस्था, प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग सांगत गप्पा मारणाऱ्या माणसासारखी होते.

मी चाळिशी उलटल्यावर ही भाषा शिकायला गेले, तेव्हा आमच्या कर्णबधिर शिक्षकांनी पहिल्या तासाला आम्हा सर्वांना हात पाठीमागे बांधून उभे केले. टेबलावर पाण्याचा पेला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले, भुवया उंचावल्या आणि मान किंचित पुढे केली. ‘पाणी हवे का?’ हा प्रश्न हाताचे बोटही न हलवता विचारून झाला होता. आम्ही सगळे अवघडून हसलो, कारण बोलताना चेहरा फार हलवणाऱ्याला नाटकी म्हणण्याची आपल्याला सवय असते. या भाषेत मात्र हो किंवा नाही एवढेच उत्तर मागणारा प्रश्न भुवयांवर ठरतो; हातांची खूण तीच राहिली आणि भुवया खाली आल्या, तर प्रश्नाचे विधान होते.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी आघाडी मिळते, असे माझे मत आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘तुझे नाव काय’ हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेलाच असतो. ‘काय’ची ही एकच खूण बरीच कामे करते : ‘जागा’ आणि ‘काय’ मिळून ‘कुठे’, ‘चेहरा’ आणि ‘काय’ मिळून ‘कोण’, ‘वेळ’ आणि ‘काय’ मिळून ‘केव्हा’. नकारही क्रियापदानंतर येतो. ‘उद्या आई बाजारात जाणार नाही’ हे वाक्य ‘उद्या, आई, बाजार, जाणे, नाही’ असे होते. विभक्तीचे काम मोकळी जागा करते. ‘देणे’ ही खूण माझ्याकडून आपल्याकडे सरकली तर मी दिले, आपल्याकडून माझ्याकडे आली तर आपण दिले. ‘ने’ आणि ‘ला’ यांची गरजच उरत नाही.

शिकण्यासाठी नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा चित्रफितींचा शब्दकोश उपयोगी पडेल. हे केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले आणि शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही या भाषेचे अभ्यासक्रम चालतात. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कोशातील खूण आणि आपल्या सहकाऱ्याची खूण यांत फरक पडू शकतो, कारण गावोगावी खुणा बदलतात; व्याकरणाचा सांगाडा मात्र देशभर बराचसा सारखा आढळतो. फरक पडला तर सहकाऱ्याची खूण घ्यावी. त्याला रोज एक खूण विचारा. काही दिवसांनी तो आपल्याला नावाची खूण देईल, बहुधा आपल्या चष्म्यावरून, केसांवरून किंवा एखाद्या लकबीवरून. ती स्वतःहून ठरवायची नसते.

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची आहे. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असे तपासणीत निघाले. श्रवणयंत्र लावले आहे आणि पुढील उपचारांबद्दल बोलणे चालू आहे. आमचे काही नातेवाईक म्हणतात, तिच्याशी हातवारे करू नका, नाहीतर ती कधीच बोलणार नाही. मला मात्र तिच्याशी काहीतरी बोलायचे असते. काय करावे?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आपल्या नातेवाइकांची भीती फार जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांत खुणांऐवजी बोलून शिकवण्याचीच पद्धत असावी, असा ठराव तिने केला. ठरावावर मते देणारे बहुतेक सर्व ऐकू येणारे होते. पुढे अनेक देशांत कर्णबधिर मुलांना वर्गात खुणा करण्याची बंदी झाली. खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर पट्टी बसल्याच्या आठवणी आपल्याकडील वयस्क कर्णबधिर माणसेही सांगतात. त्या परिषदांच्या परंपरेतील २०१० च्या व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांबद्दल खेद व्यक्त केला, पण ती बातमी आपल्या बैठकीच्या खोल्यांपर्यंत पोहोचलेली नाही.

खुणा केल्यामुळे बोलणे खुंटते, या समजुतीला आधार नाही. खरा धोका निराळा आहे. पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाला कोणती तरी एक भाषा पूर्णपणे मिळावी लागते; ती मिळाली नाही, तर पुढे दुसरी भाषाही कच्ची राहते. यंत्र, शस्त्रक्रिया आणि वाचोपचार यांचे निर्णय श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर घ्यावेत, परंतु त्यांचे फळ दिसेपर्यंत घर मुके ठेवण्याचे कारण नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात, म्हणून घरातील मोठ्यांनाच शिकावे लागते.

आपण अशी सुरुवात करा : नात आपल्याकडे पाहत असेल तेव्हाच खूण करा, आणि खूण वस्तूच्या आधी किंवा नंतर करा, एकाच वेळी नको. ऐकणारे मूल चेंडूकडे बघता बघता ‘चेंडू’ हा शब्द ऐकू शकते; आपल्या नातीला चेंडू आणि खूण हे सारे डोळ्यांनीच पाहायचे आहे. शक्य असल्यास जवळपासच्या एखाद्या कर्णबधिर गृहिणीला घरी चहाला बोलवा. नातीला मोठी झालेली कर्णबधिर बाई दिसणे हेही शिक्षणच आहे.

प्रश्न : मी बँकेत काम करतो. कर्णबधिर ग्राहक आले की मी मराठीत नीट लिहून देतो. ते मान हलवतात, आणि आठ दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात. मोठ्याने व सावकाश बोलूनही पाहिले.
— एक कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर : आपण काय लिहिता, ते पत्रासोबत जोडलेल्या चिठ्ठीत दिसले : ‘आपल्या खात्याची केवायसी अद्ययावत करण्यात आलेली नसल्याने व्यवहार स्थगित करण्यात आले आहेत.’ हे वाक्य माझ्या ऐकू येणाऱ्या आईलाही दोनदा वाचावे लागले. जन्मतः ऐकू न येणाऱ्या माणसासाठी लिखित मराठी ही न ऐकलेली, दुसरी भाषा असते आणि तिचे प्रत्यय व कर्मणी प्रयोग फार जड जातात. त्याऐवजी आधार कार्ड व पॅन कार्डाची छायाप्रत समोर ठेवा, बोटाने दाखवा आणि लिहा : ‘हे दोन कागद आणा. सोमवार. मग पैसे निघतील.’ शेवटी ‘कळले का’ असे विचारू नका, कारण त्याला मान हलतेच. ‘कोणते कागद’ असे विचारा.

मोठ्याने बोलल्याने ओठांचा आकार बिघडतो. ओठ वाचणे हे एरवीही निम्मे अंदाजाचे काम आहे. आरशासमोर उभे राहून आवाज न करता ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतील. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाशीच राहतात. आपल्या पाठीमागे खिडकी असेल, तर चेहरा काळोखात जातो आणि उरलेलेही दिसत नाही. ग्राहकासोबत दुभाषी आला, तर नजर ग्राहकाकडे ठेवावी व ‘यांना सांगा की’ असे म्हणू नये. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. तेव्हा बँकेच्या खिडकीवर हे जमणे अवघड नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेजारच्या शाळेतील मुले नाटुकले सादर करणार आहेत. निमंत्रणपत्रिकेवर ‘मूकबधिर मुलांचे नाटक’ असे छापले, तर चालेल का? आणि टाळ्यांचे काय करावे?
— एक मुख्याध्यापिका, रत्नागिरी

उत्तर : अनेक जुन्या संस्थांच्या पाट्यांवर हा शब्द आहे, पण नव्याने छापू नये. या मुलांपैकी बहुतेकांचे स्वरयंत्र धड असते, आणि ज्यांना भाषा आहे त्यांना मूक म्हणणे त्यांना रुचत नाही. ‘कर्णबधिर’ पुरे आहे. त्याहूनही बरे म्हणजे नुसते त्यांच्या शाळेचे नाव छापावे.

टाळीसाठी दोन्ही हात डोक्यावर उचलून पंजे भराभर हलवावेत. आपल्या मुलांकडून आदल्या दिवशी एकदा सराव करून घ्यावा. मात्र नाटक संपताच सभागृहातील दिवे लावायला एका माणसाला बटणापाशी उभे करा, नाहीतर अंधारात तीनशे हात हलतील आणि रंगमंचावरच्या मुलांना त्यातला एकही दिसणार नाही.